रंग उतरवून सजविलेला सदरा

एकत्र कुटुंबांतील कपड्यांचें कपाट म्हणजे घराचा एक लहानसा इतिहासच असतो. थोरल्याचा सदरा मधल्यास येतो, मधल्याचा धाकट्यास जातो, आणि धाकट्याच्या अंगास तो नीट बसेपर्यंत कॉलर विरलेली असते व काळा रंग करडा पडूं लागलेला असतो. अशा सदऱ्यास आपण ‘उतरलेला’ सदरा म्हणतों. ज्याच्या वांट्यास तो येतो त्याच्या मनांत मात्र एक बारीकशी खंत असते, कीं या घरांत आपलें स्वतःचें असें वस्त्र कांहीं नाहीं. बरें, एकाच ताग्यांतून सर्व मुलांचे नवे सदरे शिवले तरी ती खंत जात नाहीं. उलट सारीं भावंडें एकाच बँडपथकांतलीं दिसूं लागतात. या दोन्ही तक्रारींवर एक स्वस्त व रंजक उपाय आहे. म्हणून या महिन्यांत आमच्या सदराचा विषय सदरा हाच आम्ही घेतला आहे.

उपाय असा, कीं सदऱ्यावर नवा रंग चढवावयाचा नाहीं, तर असलेला रंग नेमक्या जागीं उतरवावयाचा. कागदाची वा प्लॅस्टिकची कोरलेली जाळी कापडावर ठेवून तिच्या उघड्या भागावर ब्लीचचा सौम्य तुषार मारावा, म्हणजे तेवढ्याच जागेचा रंग उडतो व जाळींतील आकृति कापडावर उमटते. ती रंगासारखी कापडावर बसलेली नसते. म्हणून तिचा पापुद्रा सुटत नाहीं, ती हातास खरखरीत लागत नाहीं, व धुण्यानें पुसट होत नाहीं. पण याच गुणांत या कलेची कसोटीही आहे. रंग चढवितांना हात चुकला तर वर दुसरा थर देतां येतो. उतरविलेला रंग परत बोलावितां येत नाहीं. म्हणून या कामांत हस्तकौशल्याहून अधिक महत्त्व आहे तें योग्य क्षणीं थांबण्याला, आणि हातांत घेतलेला पदार्थ कोणत्या स्वभावाचा आहे हें आधीं जाणण्याला. आज आम्हांस मुख्यत्वें सांगावयाचें आहे तें हेंच.

या पदार्थाचा पूर्ववृत्तांत मनोरंजक आहे. अठराव्या शतकापर्यंत युरोपांत तागाचें व सुताचें कापड पांढरें करावयाचें म्हणजे तें क्षारांत उकळून आठवडेच्या आठवडे कुरणांत उन्हांत पसरीत व मधून मधून आंबट ताकांत बुडवीत. सारी क्रिया पुरी होण्यास कित्येक महिने लागत. १७७४ मध्यें शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानें क्लोरीन वायु प्रथम तयार केला. पुढें १७८५ च्या सुमारास बर्तोले या फ्रेंच शास्त्रज्ञानें हा वायु वनस्पतिज रंग नाहींसे करतो हें दाखवून दिलें, व पॅरिसजवळच्या जाव्हेल गांवीं त्यापासून विरंजक द्रव तयार होऊं लागला. आज बाजारांत ब्लीच म्हणून जी बाटली मिळते ती याच ‘जाव्हेलच्या पाण्या’ची वंशज होय. १७९९ मध्यें ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटनें विरंजक पुडीचा परवाना मिळविला. आपल्या गांवोगांवच्या विहिरींत पावसाळ्यांत जी ब्लीचिंग पावडर टाकतात ती हीच. महिन्यांचें काम तासांवर आलें, आणि कुरणें पुन्हां गुरांस मोकळीं झालीं.

आपल्या आजच्या विषयाशीं याहूनही निकटचा संबंध आहे तो म्यूलूझ गांवच्या डॅनियल केक्लँ या छिटें छापणाऱ्या कारखानदाराचा. त्या काळीं तुर्की लाल या पक्क्या रंगाचें कापड फार प्रिय होतें. पण त्यावर पांढरीं फुलें उठविणें मोठें कठीण. १८१० च्या सुमारास केक्लँनें अशी युक्ति काढली, कीं लाल कापडावर प्रथम आम्लाचा ठसा उमटवावयाचा व नंतर तें कापड विरंजक पुडीच्या पाण्यांतून न्यावयाचें. जेथें आम्ल होतें तेथेंच क्लोरीन जोरानें मोकळा होई व तेवढ्याच जागीं लाल रंग उडून जाई. हा प्रकार वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण कारखान्यांत ज्या क्रियेनें फुलें उमटलीं, तीच क्रिया न्हाणीघरांत अजाणतेपणीं घडली तर काय होतें हें पुढें सांगावयाचें आहे.

कोरलेल्या जाळीची कला तर आपल्यास परकी नाहींच. दिवाळींत उंबऱ्यापुढें रांगोळीचा छिद्रांचा छाप ठेवून त्यावर हात फिरविणारी प्रत्येक मुलगी हीच विद्या वापरीत असते. मथुरा-वृंदावनाच्या मंदिरांत कागद अतिशय नाजूक कातरून त्या जाळ्यांतून रंगीत पुडींनीं सांझी काढण्याची परंपरा आहे. जपानांत तुतीच्या जातीच्या झाडाचे कागद एकावर एक चिकटवून, त्यांस कच्च्या तेंदूवर्गीय फळाचा तुरट रस पाजून टिकाऊ करतात व त्यांवर कोरलेल्या जाळ्यांनीं किमोनोचें कापड छापतात. त्या जाळ्यांतले नाजूक तुकडे निसटूं नयेत म्हणून दोन कागदांच्या मध्यें रेशमाचे बारीक धागे घालण्याची युक्तीही तेथील कारागिरांनीं काढली.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पहिला प्रश्न कापडाचा. सदरा निखळ सुती असावा. तागाचा वा व्हिस्कोसचाही चालेल. पॉलिएस्टरचा रंग ब्लीचला फारसा दाद देत नाहीं; मिश्र कापडावर आकृति अर्धवट, फिकी उमटते. ताणल्यानें वाढणाऱ्या कापडांतील लवचीक धागा ब्लीचनें पिवळा पडून सैल होतो. रेशीम व लोकर यांना मात्र हा द्रव दुरूनही दाखवूं नये. तीं केसांप्रमाणें प्राणिज द्रव्यांचीं बनलेलीं असतात, व ब्लीच तीं नुसतीं विटवीत नाहीं, तर अक्षरशः विरघळवूं लागतें. सोवळ्याचा मुकटा वा आजींची पैठणी जेथें वाळत घातली असेल त्या बाजूस हें काम करूं नये, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

दुसरा प्रश्न रंगाचा. काळ्या सदऱ्यावर शुभ्र चित्र उमटेल अशी अपेक्षा ठेवूं नये. बाजारांतील काळा रंग पुष्कळदां अनेक रंगांच्या मिश्रणानें साधलेला असतो. त्यांतला कोणता आधीं उडेल व कोणता मागें राहील हें ज्या त्या कापडावर अवलंबून असतें. बहुधा काळ्यांतून विटकरी, तांबूस वा नारिंगी छटा निघते. गडद निळ्यांतून कधीं गुलाबीसर, तर कधीं फिकी निळी. कांहीं पक्के रंग मुळींच हलत नाहींत. म्हणून सदऱ्याच्या आंतल्या शिवणीवर काडीनें एक थेंब लावून पांच मिनिटें पाहावें. हा एक थेंब पुष्कळ निराशा वांचवितो. सदरा आधीं एकदां धुऊन वाळविलेला असावा. कारण नव्या कापडाची खळ ब्लीचला नीट शिरूं देत नाहीं.

जाळीसाठीं सर्वांत उत्तम वस्तु बहुतेक घरांत धूळ खात पडलेली असते : जुन्या एक्स-रे फिल्मा. त्या चिवट असतात, पाण्यानें फुगत नाहींत, व धुऊन पुन्हां पुन्हां वापरतां येतात. त्या नसल्यास कागदपत्रें ठेवण्याची प्लॅस्टिकची पातळ फाइल चालते. आकृति पेननें काढून धारदार पात्यानें कोरावी. मात्र फिल्मेवर कोरलेला आकार आंतून ‘सुटा’ नसावा. वर्तुळाच्या आंत वर्तुळ कोरलें तर आंतलें गळून पडतें. यासाठीं मध्यें अरुंद पूल राखावे लागतात.

मुलांच्या नांवाचीं अक्षरें कोरतांना हा पुलांचा प्रश्न विशेष जाणवतो. आपल्या देवनागरीला शिरोरेषा आहे, आणि ती अनेक अक्षरांचें तोंड वरून बंद करते. ‘व’ व ‘ब’ यांचे पोट तर मुळांतच बंद. पण ‘प’ आणि ‘म’ यांच्या आंतली जागाही शिरोरेषेमुळें कोंडली जाते. ‘ग’, ‘त’, ‘र’ हीं अक्षरें मात्र खालून मोकळीं असल्यामुळें विनासायास कोरतां येतात. ज्या अक्षरांत जागा कोंडते, तेथें शिरोरेषेंतच एक लहानशी फट ठेवावी, म्हणजे आंतला तुकडा वरच्या फिल्मेला धरून राहतो व वाचणाऱ्याच्या डोळ्यांस ती फट खुपतही नाहीं. गुजराती लिपीला शिरोरेषा नसल्यामुळें आपल्या शेजाऱ्यांची ही अडचण पुष्कळच कमी आहे. संपूर्ण नांवापेक्षां एकच आद्याक्षर मोठें कोरलें, तर तें अधिक शोभतें असा आमचा अनुभव आहे.

ज्यांना कोरणें जमत नाहीं त्यांनीं हिरमुसूं नये. याहून सोपी एक उलट रीत आहे. जाळीऐवजीं एखादें पिंपळाचें पान, नेचाची फांदी वा शेवग्याची डहाळी सदऱ्यावर सपाट ठेवावी व भोंवतालीं तुषार मारावा. पानाखालची जागा मूळच्या रंगाची राहते व भोंवतीं फिकट वलय उठतें. पानें आदल्या दिवशीं जाड पुस्तकांत दाबून ठेवावीं, म्हणजे कडा उचलत नाहींत. निसर्गानें कोरलेलें असें साहित्य परसांत असतांना पहिला प्रयोग यानेंच करावा, असें आम्ही सुचवितों.

सदऱ्याच्या आंत प्लॅस्टिकच्या कागदांत गुंडाळलेला एखादा पाट वा जाड पुठ्ठा सरकवावा. नाहींतर पुढचा द्रव झिरपून पाठीवरही आकृति उठते. कापड ताणूं नये, पण सुरकुती राहूं देऊं नये. जाळीच्या कडांवर स्वच्छ खडे ठेवावे, आणि उरलेला सदरा जुन्या वर्तमानपत्रांनीं झांकावा. ब्लीच घेतांना बाटलीवरील मजकूर वाचावा. आपल्यास सोडियम हायपोक्लोराइट हवें आहे. ‘रंगीत कपड्यांसाठीं’ म्हणून मिळणारें ऑक्सिजनचें ब्लीच रंग राखण्यासाठीं केलेलें असतें. तें येथें निरुपयोगी. घरगुती ब्लीचची शक्ति साधारणपणें शेकडा ४ ते ६ असते. त्यांत तितकेंच पाणी मिसळावें. उष्णतेनें व उजेडानें ही शक्ति घटते. म्हणून गेल्या वर्षीची बाटली मंद निघाली तर नवल मानूं नये. भांडें प्लॅस्टिकचें, कांचेचें वा चिनी मातीचें घ्यावें. तांबें, पितळ, ॲल्युमिनियम यांना हा द्रव खातो.

तुषाराची बाटली कापडापासून वीतभराहून अधिक उंच धरून दोन-तीन वेळांच दाबावी. कापड ‘दंवलें’ पाहिजे, भिजतां कामा नये. जास्त द्रव झाला कीं तो जाळीखालीं पळतो व आकृतीची कड फुटते. फिल्मेवर साचलेले थेंब लगेच कागदानें टिपून घ्यावे. यानंतर डोळे कापडावरून हलवूं नयेत. मिनिटभरांत रंग बदलूं लागतो, व बहुधा दोन ते पांच मिनिटांत हवी ती छटा येते. ओलें कापड आहे त्याहून गडद दिसतें, हें विसरूं नये. म्हणून मनाजोगती छटा येण्याच्या किंचित् आधींच हात आवरावा. दहा मिनिटांत जें झालें नाहीं तें पुढें होण्याची वाट पाहणें म्हणजे कापडाचें बळ घालविणें. कारण रंग संपला कीं ब्लीच सुताच्या तंतूवर आपला मोर्चा वळवितें. कांहीं महिन्यांनीं फुलाच्या आकाराचें भोंकच पडलेला सदरा दिसतो, तो अशाच लोभाचें फळ असतो.

थांबविणें हीही एक क्रिया आहे. जाळी उचलून सदरा भरपूर गार पाण्यांत खळबळून घ्यावा. परंतु नुसत्या पाण्यानें तंतूंत शिरलेलें ब्लीच पुरतें निघत नाहीं. त्यासाठीं बादलीभर पाण्यांत दोन मोठे चमचे सोडियम थायोसल्फेट विरघळवून त्यांत सदरा दहा-पंधरा मिनिटें बुडवावा. फिल्मेच्या कॅमेऱ्यांच्या काळीं फोटोग्राफर ज्यास ‘हायपो’ म्हणत तेंच हें; शोभेच्या माशांच्या दुकानांतही पाण्यांतील क्लोरीन घालविण्यासाठीं तें मिळतें. त्याच्या अभावीं औषधांच्या दुकानांतील शेकडा ३ शक्तीचें हायड्रोजन पेरॉक्साइड एक भाग व पाणी दहा भाग असें मिश्रण चालतें. मात्र सदरा आधीं पाण्यानें चांगला खळबळलेला असावा. नंतर साबणानें वेगळा धुऊन सांवलींत वाळवावा.

येथें एका प्रचलित सल्ल्याचा निषेध करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. ब्लीच थांबविण्यासाठीं शिरका वापरावा असें पुष्कळ ठिकाणीं सांगितलें जातें. हा सल्ला चुकीचा आहेच. शिवाय तो घातक आहे. शिरका आम्ल आहे, आणि आम्ल व ब्लीच एकत्र आलें कीं क्लोरीन वायु सुटतो. केक्लँच्या लाल कापडावर झालें तेंच येथें होतें. फक्त फुलांऐवजीं माणसाचीं फुप्फुसें पुढें असतात. २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र येथें जर्मन सैन्यानें शत्रूवर जो विषारी धूर सोडला तो याच वायूचा होता. लिंबू, चिंच, आणि विशेषतः संडास व फरशी धुण्याचे ॲसिड हीं सारीं याच वर्गांत येतात. आपल्याकडे न्हाणीघरांत ॲसिडची बाटली व ब्लीचची बाटली शेजारीं शेजारीं नांदतात, व फरशीवर सकाळच्या ॲसिडचा अंश राहिलेला असतो. म्हणून हें काम न्हाणीघरांत कधींही करूं नये. अमोनिया असलेल्या कांच पुसण्याच्या द्रवाशींही ब्लीचची गांठ पडूं देऊं नये. त्यांतूनही विषारी वायु निघतो.

काम गच्चीवर वा मोकळ्या अंगणांत, सकाळीं, वारा पाठीशीं घेऊन करावें. हातांत रबरी मोजे, डोळ्यांवर सर्व बाजूंनीं बंद चष्मा, अंगावर जुने कपडे असावे. तोंडावर बांधलेल्या रुमालानें तुषार थोडा अडेल, वायु अडणार नाहीं. तेव्हां त्यावर विसंबूं नये. घरांत दम्याचें माणूस असेल तर त्यास दूर बसवावें. डोळ्यांत थेंब उडाल्यास स्वच्छ वाहत्या पाण्यानें पंधरा-वीस मिनिटें डोळा धुवावा व डॉक्टरांकडे जावें. कोणी घोट घेतलाच तर उलटी करविण्याचा प्रयत्न करूं नये. तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचें : उरलेला द्रव सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलींत क्षणभरही ओतूं नये. ज्या घरांत दहा-बारा माणसें वावरतात तेथें ‘मला ठाऊक आहे’ एवढें पुरत नाहीं. तहानलेल्या पोराला तें ठाऊक नसतें. मिसळलेला द्रव त्याच दिवशीं भरपूर पाण्याबरोबर मोरींत सोडून द्यावा.

इतकीं पथ्यें ऐकून एखादी गृहिणी म्हणेल, कीं यापेक्षां दुकानांतून छापील सदरा आणलेला बरा. आमचें म्हणणें तसें नाहीं. विळी, शेगडी व सुई यांच्याशीं आपल्या घरांनीं पिढ्यान् पिढ्या संसार केला, तो त्यांचा धाक बाळगून नव्हे, तर त्यांचा स्वभाव ओळखून. या द्रवाचेंही तसेंच. कामाची वांटणी मात्र विचारानें व्हावी. पानें जमविणें व दाबणें हें लहानांचें काम. आकृति योजणें हें रांगोळीवर हात बसलेल्या आजींचें किंवा काकूंचें. पातें चालविणें थोरल्या मुलांचें. आणि ब्लीचची बाटली मात्र एकाच प्रौढ व्यक्तीच्या हातीं, काम सुरू झाल्यापासून बाटली कुलुपांत जाईपर्यंत. बाकीच्यांनीं चार पावलें दूर उभें राहून रंग बदलतांना पाहावें. त्या दोन मिनिटांची उत्कंठा सर्वांच्या वांट्यास सारखीच येते.

एक विनंती अधिक. प्रत्येक मुलास आपली खूण आपण निवडूं द्यावी. कोणी पिंपळपान घेईल, कोणी क्रिकेटची बॅट, कोणी आपल्या नांवाचें अक्षर. वडीलधाऱ्यांस ती निवड पसंत पडेलच असें नाहीं. पण सदरा घालावयाचा आहे तो त्याला. थोरल्यानें टाकलेला सदरा धाकट्यानें आपल्या खुणेचा करून अंगांत घातला, म्हणजे तो ‘उतरलेला’ राहत नाहीं. तो प्रथमच त्याचा होतो. आणि तोच सदरा पुढें आणखी धाकट्याकडे गेला तर? त्या खुणेशेजारीं दुसरी खूण उमटविण्यास कापडावर जागा पुष्कळ असते. वाचकांनीं थंडीच्या कोरड्या दिवसांतली एखादी सुटी यासाठीं राखून ठेवावी, आणि पहिला प्रयोग घरांतल्या सर्वांत जुन्या, टाकावयास काढलेल्या सुती सदऱ्यावर करावा.